व्हिडिओ-खेळयंत्र : रचना व टिकाऊपणा

व्हिडिओ-खेळयंत्र : दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर चित्रे उमटवून ती खेळाडूच्या हातातील नियंत्रकाच्या साहाय्याने हलविता येतील अशी योजना असलेल्या गृहोपयोगी इलेक्ट्रॉनिक यंत्रास व्हिडिओ-खेळयंत्र म्हणतात. स्वतःचा पडदा व विद्युत् घट असलेल्या, हातात मावणाऱ्या यंत्रांचाही समावेश याच वर्गात होतो. महाराष्ट्रात या यंत्रास सरसकट ‘व्हिडिओ गेम’, त्यात बसवावयाच्या खेळपेटिकेस ‘कॅसेट’ आणि नियंत्रकास ‘रिमोट’ म्हणण्याचा प्रघात पडला. खेळपेटिकेत वास्तविक चुंबकीय फीत नसते. तीत स्मृतिमंडल असलेली एक लहान पट्टी असते. तथापि ध्वनिफितीच्या पेटीशी असलेल्या बाह्य साम्यामुळे हे नाव रूढ झाले.

घरातील इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणांपेक्षा या यंत्राची स्थिती वेगळी आहे. रेडिओ किंवा दूरचित्रवाणी संच एका जागी ठेवलेला असतो व त्याला क्वचितच हात लागतो. खेळयंत्र मात्र मुलांच्या हाती असते. त्याची कळ तासन्‌तास दाबली जाते, तार ओढली जाते, पेटिका दिवसातून अनेकदा काढली-घातली जाते आणि यंत्र कधीकधी जमिनीवरही पडते. म्हणजे या यंत्राचे अंतरंग संगणकाचे, तर वापर खेळण्याचा असतो. शिवाय ते सर्वसामान्य कुटुंबास परवडेल एवढे स्वस्त असावे लागते. या गरजांमधील ओढाताण हा खेळयंत्राच्या रचनेच्या इतिहासातील मुख्य धागा होय. त्याचबरोबर यंत्राचा टिकाऊपणा केवळ कारखान्यात ठरत नाही. ते ज्या ठिकाणी चालते तेथील वीजपुरवठा, हवामान आणि दुरुस्तीची सोय यांवरही तो अवलंबून असतो, ही गोष्ट मराठवाड्यातील बीडसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते.

प्रारंभीची यंत्रे : घरगुती खेळयंत्राची कल्पना राल्फ बेअर (१९२२–२०१४) या अमेरिकन अभियंत्यांनी १९६६ मध्ये मांडली. सँडर्स असोशिएट्स या कंपनीत त्यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या नमुन्यांवरून मॅग्नव्हॉक्स कंपनीने १९७२ मध्ये ‘ऑडिसी’ हे यंत्र विक्रीस आणले. त्यात सूक्ष्मप्रक्रियक नव्हता. डायोड व ट्रँझिस्टर यांच्या मंडलांद्वारे पडद्यावर प्रकाशाचे काही ठिपके व एक रेषा एवढेच उमटत असे. मैदानाचे चित्र असलेला पारदर्शक कागद दूरचित्रवाणीच्या काचेवर चिकटवून खेळ पूर्ण करावा लागे. खेळ बदलण्यासाठी जी पट्टी यंत्रात घालीत, तीत कोणतेही घटक नसत. ती फक्त आतील तारांची जोडणी बदलीत असे. भाग थोडे आणि साधे असल्याने त्यांत बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते.

त्याच वर्षी अटारी कंपनीचे नाणे टाकून खेळावयाचे ‘पाँग’ हे यंत्र व १९७५ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती आली. ही यंत्रे ठरावीक खेळांपुरतीच मर्यादित होती. नव्या खेळासाठी नवे यंत्र घेण्याची गरज १९७६ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनेल एफ’ या यंत्राने दूर केली. त्यात सूक्ष्मप्रक्रियक होता आणि खेळाचे आदेश बदलण्याजोग्या पेटिकेतील स्मृतिमंडलात साठविलेले होते. या प्रकल्पाचे नेतृत्व जेरी लॉसन (१९४०–२०११) या कृष्णवर्णीय अमेरिकन अभियंत्यांकडे होते. मुलांनी पेटिका शेकडो वेळा काढली-घातली तरी तिचे स्पर्शक झिजू नयेत आणि हाताच्या स्थिर विद्युतामुळे आतील मंडल जळू नये, या प्रश्नांचा विचार या यंत्रात प्रथमच करावा लागला. खेळयंत्राच्या टिकाऊपणाचा स्वतंत्र विचार येथून सुरू झाला, असे म्हणता येईल.

अटारीच्या १९७७ च्या यंत्रामुळे (पुढे ‘२६००’ या नावाने प्रसिद्ध) पेटिकेची पद्धत सर्वमान्य झाली. त्याची कार्यस्मृती केवळ १२८ बाइट एवढी होती. बैठकखोलीतील फर्निचरशी जुळावे म्हणून त्याच्या दर्शनी भागावर लाकडाच्या पोताची पट्टी होती. आरंभीच्या यंत्रांचा प्लॅस्टिकचा तळ बराच जाड व जड होता. रेडिओ लहरींचा उपद्रव टाळण्यासाठी आतील मंडलावर धातूचे कवचही होते. उत्पादनखर्च कमी करण्यासाठी पुढील आवृत्त्या हलक्या केल्या गेल्या. पहिली आवृत्ती भक्कम आणि नंतरची स्वस्त, हा क्रम पुढे इतर यंत्रांच्या बाबतीतही अनेकदा दिसून येतो.

फॅमिकॉम आणि सांध्याचा प्रश्न : जपानमधील निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कंप्यूटर’ (संक्षेपाने ‘फॅमिकॉम’) हे यंत्र बाजारात आणले. त्याची रचना मासायुकी उएमुरा (१९४३–२०२१) यांनी केली. पेटिका वरच्या बाजूने सरळ खाली घातली जाई आणि दोन्ही नियंत्रक तारेने कायमचे जोडलेले असत. नियंत्रकावरील अधिकचिन्हाच्या आकाराची दिशाकळ गुन्‌पेई योकोई (१९४१–९७) यांनी कंपनीच्या आधीच्या एका हातातील खेळासाठी योजिली होती. उभ्या दांड्याच्या मानाने ही कळ बसकी असल्याने ती मोडण्याचा धोका कमी होता. आरंभीच्या यंत्रांतील चौकोनी मऊ कळा मात्र दाबल्यावर अडकून राहात. म्हणून त्यांच्या जागी लवकरच गोल, कडक प्लॅस्टिकच्या कळा आल्या.

अमेरिकेत १९८३ च्या सुमारास खेळयंत्रांचा बाजार कोसळला होता व दुकानदार असा माल ठेवण्यास नाखूश होते. त्यामुळे १९८५ मध्ये हेच यंत्र तेथे ‘एनईएस’ या नावाने नेताना त्याला व्हिडिओ फीतयंत्राचे रूप देण्यात आले. पेटिका समोरून आडवी आत सरकवून मग खाली दाबावयाची, अशी ही योजना होती. घालताना जोर लागू नये हा तिचा हेतू होता. परंतु प्रत्येक दाबासरशी आतील ७२ स्पर्शक वाकत व कालांतराने त्यांचा ताण कमी होई. या यंत्रात अनधिकृत पेटिका ओळखणारे एक मंडलही होते. स्पर्शकांची जोडणी सैल झाली की या मंडलाला पेटिकेकडून योग्य संकेत मिळत नसे आणि ते सुमारे दर सेकंदाला यंत्र पुनःपुन्हा सुरू करी. लाल दिवा उघडझाप करू लागे. पेटिकेत फुंकर मारण्याची सवय जगभर पडली ती यामुळेच. वस्तुतः उपयोग फुंकरीचा नसून पेटिका काढून पुन्हा बसविल्याने होणाऱ्या नव्या स्पर्शाचा होता. श्वासातील ओलाव्याने स्पर्शक उलट गंजत. १९९३ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत पेटिका पुन्हा वरून घालण्याची सोय करण्यात आली व ते ओळखमंडलही वगळण्यात आले. बाह्यरूपासाठी स्वीकारलेली रचना सांध्याला कशी घातक ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय. जपानी व अमेरिकी अशा दोन्ही आवृत्त्या मिळून या यंत्राचे सु. ६ कोटी १९ लाख नग विकले गेले.

हातातील यंत्रे : योकोई यांच्या गटाने तयार केलेले ‘गेम बॉय’ हे यंत्र १९८९ मध्ये आले. सर्वांत नवे तंत्र वापरण्याऐवजी परिपक्व झालेले, स्वस्त व भरवशाचे तंत्र नव्या कामी लावावे, हे योकोई यांचे सूत्र होते. त्यानुसार या यंत्रास एकरंगी पडदा देण्यात आला. त्यामुळे चार लहान विद्युत् घटांवर ते दहा तासांहून अधिक काळ चाले. पुढील वर्षी आलेल्या सेगा कंपनीच्या ‘गेम गिअर’ या रंगीत व प्रकाशित पडद्याच्या यंत्रास सहा घट लागत व ते काही तासांतच संपत. आखाती युद्धातील (१९९०–९१) आगीत सापडून कवच वितळलेले एक गेम बॉय यंत्र पुढे चालू स्थितीत आढळले व ते न्यूयॉर्क येथील निन्टेंडोच्या दुकानात बरीच वर्षे प्रदर्शित केलेले होते. या दोन यंत्रांच्या तुलनेवरून रचनेतील संयम टिकाऊपणास कसा पोषक ठरतो, हे दिसून येते.

भारतातील प्रसार : भारतात दूरचित्रवाणीचा प्रसार १९८० नंतर झपाट्याने झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते. तथापि रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आणि जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचणाऱ्या लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे १९८४ च्या सुमारास आले. पडद्याअभावी त्यापूर्वी घरगुती खेळयंत्रास वावच नव्हता. पुढेही आयात जकात जास्त असल्याने मूळ जपानी किंवा अमेरिकी यंत्रे थोड्याच घरांत आली. सेगा कंपनीने १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीमार्फत भारतात विक्रीचा प्रयत्न केला; पण किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर राहिली.

परदेशातील नातेवाइकांनी आणलेल्या यंत्रांपुढे आणखी दोन अडचणी होत्या. जपानमध्ये १०० व अमेरिकेत १२० व्होल्टचा पुरवठा असतो, तर भारतात तो २३० व्होल्ट आहे. मधे रोहित्र न लावता यंत्र जोडल्यास त्याचा वीजसंच जळून जाई. तसेच त्या देशांतील दूरचित्रवाणीची पद्धती भारतातील ‘पाल’ पद्धतीहून भिन्न असल्याने चित्र घरंगळे किंवा रंगहीन दिसे.

ही पोकळी फॅमिकॉमच्या प्रतिकृतींनी भरून काढली. पूर्व आशियात तयार होणारी ही यंत्रे रशियात ‘डेंडी’, पोलंडमध्ये ‘पेगासस’ अशा नावांनी, तर भारतात ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ इ. नावांनी विकली जात. त्यांची कवचे कधी फॅमिकॉमसारखी, कधी सेगाच्या यंत्रासारखी, तर पुढे प्लेस्टेशनसारखीही असत. अंतरंग मात्र त्याच आठ-बिट यंत्राचे असे. त्यांची चित्रपद्धती भारतीय संचाशी जुळती होती, पेटिका वरून बसे आणि ओळखमंडल नसल्याने एकाच पेटिकेत अनेक खेळ सामावणे शक्य होते. महाराष्ट्रातील एका पिढीला ‘सुपर मारिओ’ व ‘कॉन्ट्रा’ हे खेळ याच यंत्रांमुळे परिचित झाले. ज्यांना यंत्र घेणे शक्य नव्हते अशा मुलांसाठी शहरांत व तालुक्याच्या गावी तासाच्या भाड्याने खेळू देणारी दुकाने निघाली. याच सुमारास एका हातात मावणारा, विटांच्या आकृत्या रचण्याचा ‘ब्रिक गेम’ हा खेळही सर्वत्र पसरला. तो दोन सेलवर चाले व त्यास दूरचित्रवाणी संचाची किंवा घरातील विजेची गरज नव्हती.

प्रतिकृतींची अंतर्गत रचना काळानुसार बदलत गेली. आरंभीच्या यंत्रांत सूक्ष्मप्रक्रियक, चित्रमंडल व स्मृती हे स्वतंत्र, चौकोनी घटक पट्टीवर डाख देऊन बसविलेले असत व ते ओळखून बदलता येत. पुढे ही सर्व मंडले एकाच सिलिकॉन तुकड्यात सामावली. तो तुकडा सरळ पट्टीवर चिकटवून त्यावर काळ्या इपॉक्सी राळेचा थेंब टाकू लागले. यामुळे सांध्यांची संख्या घटली आणि किंमत उतरली. मात्र राळेखालचे मंडल बिघडल्यास ते बदलण्याचा मार्ग उरला नाही. तारा, कळा, वीजसंच हे भाग दुरुस्त होण्याजोगे राहिले, हृदय मात्र बंदिस्त झाले.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती : बीड हा गोदावरीच्या दक्षिणेचा, बालाघाट डोंगररांगांनी विभागलेला अवर्षणप्रवण जिल्हा आहे. उत्तरेकडील गेवराई, माजलगाव या तालुक्यांत गोदाकाठची काळी जमीन, तर आष्टी, पाटोदा या भागांत उथळ व मुरमाड जमीन आढळते. उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० से. च्या वर जाते व वाऱ्याबरोबर बारीक धूळ घरात येते. अशा ठिकाणी खेळयंत्राचे तीन दुबळे भाग उघडे पडतात.

यांपैकी पहिला भाग वीजसंचाचा होय. या यंत्रांत बाहेरचे रोहित्र २३० व्होल्टचा दाब साधारण ९ व्होल्टपर्यंत उतरविते व यंत्रातील नियामक घटक त्यातून स्थिर ५ व्होल्ट देतो. यासाठी नियामकाला किमान ७ व्होल्टच्या आसपास दाब मिळावा लागतो. ग्रामीण वाहिनीवर सायंकाळी दाब १७० व्होल्टच्या आसपास उतरला, तर रोहित्राचा दाबही त्याच प्रमाणात कमी होऊन या मर्यादेखाली जातो. मग चित्र थरथरते व खेळ मधेच पहिल्यापासून सुरू होतो. उलट, खंडित पुरवठा परत येताना दाब क्षणभर उसळल्यास जादा ऊर्जा नियामकात उष्णतेच्या रूपाने साठते आणि तो किंवा शेजारचे धारित्र निकामी होते. परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्र १९७० नंतरच्या दशकापासून राज्याला वीज पुरवीत आले, तरी २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यातील तुटवड्यामुळे मराठवाड्याच्या ग्रामीण भागाला दीर्घ भारनियमन सोसावे लागले. जेथे वीजहानी व थकबाकी अधिक तेथे भारनियमन अधिक, असे धोरण असल्याने त्याचा भार या भागावर विशेष पडला. २०१३ च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचे केंद्रच बंद ठेवावे लागले. शहरातील घरात वर्षानुवर्षे चालणारे यंत्र अशा पुरवठ्यावर लवकर निकामी झाल्यास तो दोष केवळ यंत्राचा मानता येत नाही.

दुसरा दुबळा भाग म्हणजे स्पर्शक. पेटिकेच्या तांब्याच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा पातळ किंवा नाहीसाच असे. त्यावर धूळ व घाम बसून ऑक्साइडाचा थर जमे. तिसरा भाग नियंत्रकाचा. त्यातील कळेखाली कार्बनयुक्त रबराची गोळी असते व ती दाबली असता पट्टीवरील दोन रेषा जोडल्या जातात. सततच्या दाबाने हा कार्बन झिजतो. तारही कवचातून बाहेर पडते त्या ठिकाणी वाकून-वाकून आतून तुटते.

या तिन्ही दोषांचे वैशिष्ट्य असे की, ते साध्या साधनांनी दूर करता येतात. रेडिओ व दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे डाख देण्याचे उपकरण, मापकयंत्र व सुटे घटक असत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेले किंवा दुकानातच उमेदवारी करून तयार झालेले हे कारागीर तालुक्याच्या गावी आढळतात. पाच व्होल्टचा नियामक, धारित्रे व डायोड हे भाग रेडिओ संचातही लागत असल्याने ते सहज मिळत. स्पर्शक खोडरबराने घासून मग स्पिरिटने पुसणे, झिजलेल्या रबरी गोळीवर शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट घासणे किंवा धातूचा वर्ख चिकटविणे, तुटलेली तार कापून पुन्हा जोडणे, दाबनियंत्रक लावणे, हे उपाय यंत्रासोबतच्या पुस्तिकेत नसून व्यवहारातून प्रचारात आले. या यंत्रांना विक्रीपश्चात सेवेचा आधार फारसा नव्हता. त्यामुळे त्यांचे आयुष्य निर्मात्याच्या हमीपेक्षा या कारागिरीवर अधिक अवलंबून राहिले. बारीक यंत्रणा नसलेली स्वस्त प्रतिकृती, तिच्याहून पुष्कळ महाग यंत्राच्या तुलनेत अशा भागात अधिक काळ चालू शकली, याचे कारण तिची गुणवत्ता नसून तिची दुरुस्तीसुलभता हे होय.

चकतीची यंत्रे व उष्णता : १९९४ नंतर पेटिकेची जागा प्रकाशीय चकतीने घेतली. सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन’ ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये आले. चकतीमुळे खेळ स्वस्त झाले. पण यंत्रात मोटर, लेसर व सरकते भिंग असे चालते भाग आले. आरंभीच्या आवृत्त्यांत भिंगाची प्लॅस्टिकची सरकपट्टी वीजसंचाजवळ असे. ती उष्णतेने व घर्षणाने झिजून भिंग तिरपे होई. त्यामुळे अनेक खेळाडू यंत्र उलटे किंवा कुशीवर ठेवून चालवीत. नंतरच्या आवृत्त्यांत या भागाची जागा व द्रव्य बदलण्यात आले. ‘प्लेस्टेशन २’ (२००० ते २०१३) या यंत्राचे १५ कोटी ५० लाखांहून अधिक नग विकले गेले. त्याच्या उत्तरकाळात, २००९ मध्ये, त्यासाठी भारतीय कंपन्यांनी तयार केलेले ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि कबड्डी, विटीदांडू यांसारख्या देशी खेळांवर आधारलेला ‘देसी अड्डा’ हे खेळ प्रसिद्ध झाले.

यंत्रांची गणनशक्ती वाढली तशी उष्णताही वाढली. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ (२००५, भारतात २००६) या यंत्राच्या कळीभोवतीचे तीन लाल दिवे लागून ते बंद पडण्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर घडले. यंत्र सुरू होताना तापते व बंद होताना थंड होते. सिलिकॉन, डाख आणि पट्टी यांचे प्रसरण सारखे नसल्याने दर फेरीत सूक्ष्म सांध्यांवर ताण येतो व शिणवट्याने ते तडकतात. कंपनीने जुलै २००७ मध्ये या दोषासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढविली व त्यापोटी १०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद केली. यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत् उपकरणांतील शिशावर निर्बंध घातल्याने याच काळात शिसेविरहित, तुलनेने ठिसूळ डाखाकडे सर्व उद्योग वळत होता. असे सांधे भिंगाखालीच दिसू शकतील एवढे बारीक व मंडलाच्या पोटात दडलेले असल्याने, खोडरबर व साधे डाखयंत्र घेऊन बसणाऱ्या कारागिराच्या हाताबाहेरचे ठरले. हातातील यंत्रांतही असाच बदल झाला. निन्टेंडोच्या ‘स्विच’ (२०१७) या यंत्राच्या नियंत्रकातील दांडा स्पर्शाविनाच सरकल्याचा संकेत देत असल्याच्या तक्रारी जगभर आल्या व कंपनीच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये ग्राहकांची क्षमा मागितली.

वार्धक्य व जतन : वापरात नसलेले यंत्रही म्हातारे होते. धारित्रांतील द्रव गळून पट्टीवरील तांब्याच्या रेषा खातो. खेळाची स्थिती साठवून ठेवणाऱ्या पेटिकेतील लिथियम घट संपला की तीतील नोंद पुसली जाते. करड्या व पांढऱ्या एबीएस प्लॅस्टिकची कवचे प्रकाशाने पिवळी पडतात. त्यांतील ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक द्रव्ये याला कारण असल्याचे सांगतात. काही वेळा यंत्र शाबूत असूनही निरुपयोगी होते. खेळयंत्रासोबत मिळणारी प्रकाशबंदूक काचनळीच्या पडद्यावरील क्रमवीक्षणाच्या आधारे नेम ओळखते. सपाट पडद्याच्या संचासमोर ती काम देत नाही.

यंत्र बंद पडले की त्यावरील खेळही लोप पावण्याचा धोका असतो. अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात उपलब्ध नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीत आढळले. बेअर यांचा मूळ नमुना स्मिथसोनियन संस्थेच्या वॉशिंग्टन येथील संग्रहालयात जतन केलेला आहे. प्रसिद्ध कंपन्यांच्या यंत्रांना असे आश्रयस्थान मिळते. त्यांची रेखाचित्रे, निर्मात्यांच्या मुलाखती व विक्रीचे आकडेही उपलब्ध असतात. भारतात जी यंत्रे खऱ्या अर्थाने घरोघर गेली त्या प्रतिकृतींची स्थिती याच्या उलट आहे. त्यांवर अनेकदा निर्मात्याचे नाव वा वर्ष नसते आणि एकाच कवचात निरनिराळी मंडले आढळतात. भारतात ई-कचऱ्यासंबंधीचे नियम २०१२ पासून अंमलात आहेत आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत व्हिडिओ-खेळयंत्रांचाही समावेश करण्यात आला. या नियमांमुळे विषारी द्रव्यांची विल्हेवाट नीट लागण्यास मदत होईल. परंतु भंगारात वजनावर गेलेल्या यंत्राबरोबर त्याचा इतिहासही जातो, हा प्रश्न त्याने सुटत नाही. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. सुटे भाग व माहिती ग्राहकास मिळावी, हा तिचा विषय आहे. राळेच्या थेंबाखालील व शिसेविरहित डाखाच्या यंत्रांना त्याचा उपयोग किती होईल, हे त्यांच्या रचनेवर अवलंबून राहील.

खेळयंत्राच्या इतिहासात कारखान्यातील अभियंत्याइतकाच वाटा ते चालू ठेवणाऱ्या हातांचा आहे. बीडसारख्या जिल्ह्यात एखाद्या घराच्या माळ्यावर उरलेली प्रतिकृती उघडली, तर तीत बदललेला नियामक, वेगळ्या रंगाच्या तारेचा सांधा किंवा कळेखालचा वर्ख दिसू शकतो. संग्रहकार अशा यंत्रास अस्सल मानीत नाहीत. तथापि कमी वीज, उन्हाळा व धूळ यांतून ते यंत्र किती वर्षे आणि कशामुळे चालले, याचा लेखी नसलेला पुरावा या सांध्यांतच असतो. म्हणून अशा यंत्रांचे जतन करताना दुरुस्तीच्या खुणा पुसून ती नव्यासारखी करण्यापेक्षा त्या खुणांसह, विकत घेतल्याचे वर्ष, ठिकाण आणि दुरुस्तीची माहिती नोंदवून ठेवणे अधिक मोलाचे ठरते.